सौरडाग बघायला बसण्याआधी

मुरुडच्या किनाऱ्यावरून मावळतीचा लाल गोळा कितीही सौम्य वाटला तरी दुर्बिणीतून थेट बघू नकोस. डोळा कायमचा जाईल. लहान लेन्सच्या दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाड. तिच्यावर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीला झाकण हवंच. सकाळी लवकर बस. वाळू तापली की हवा थरथरते, डाग पुसट होतात.

रोज वहीत चित्र काढ. सूर्य साधारण 27 दिवसांत स्वतःभोवती फेरी घेतो, ती सरकत्या डागांतून तुझी तुलाच कळेल. मला तर हा आनंद सगळ्यात मोठा वाटतो. डाग खरे काळे नसतात, भोवतालापेक्षा दीड-दोन हजार अंशांनी थंड असतात म्हणून तसे दिसतात. मे 2024मध्ये अशाच एका प्रचंड डागसमूहातून उसळलेल्या सौरवादळांनी लडाखमध्ये हानलेचं आकाश लाल केलं. अशा वेळी होड्यांवरचा जीपीएससुद्धा चुकू शकतो.

पाऊस लागायच्या आत सुरुवात कर.