बोलोन्यात पास्ता शिकायचा आहे, पण इटालियन जेमतेम येतं. वर्ग इटालियनमधला घ्यावा की इंग्रजीतला? भाषेची कोणती पातळी लागते?

इटालियनमधला. डोळे झाकून. याच विषयावर माझं आणि नणंदेचं अजून वाजतं, त्यामुळे उत्तर लांबणार हे आधीच सांगते.

बोलोन्याला आम्ही दोघी बरोबरच गेलो होतो. त्यांनी पर्यटकांसाठीचा इंग्रजी वर्ग घेतला. मी तिथल्याच बायका जातात तसला शोधून काढला. माझं इटालियन म्हणजे आकडे, बाजारातली चार वाक्यं आणि "पुन्हा सांगा". शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, तोंड भरधाव, हात मात्र संथ. मी हातांकडे बघत राहिले. फळीवर पिठाचं आळं करायचं, त्यात अंडी फोडायची, काट्याने फेटत कडेचं पीठ आत ओढायचं. एका एत्तोला एक अंडं. एत्तो म्हणजे 100 ग्रॅम, आणि तिथे वजन बोलतात ते एत्तोतच, तेवढं पाठ करून जा. बाकी यात न समजण्यासारखं आहे काय? मळताना कुणाचा हात चुकला की बाई मनगट धरून फिरवायच्या, विषय संपला.

शेजारच्या फळीवर एक जर्मन मुलगा होता, फाडफाड इटालियन बोलणारा. तो बाईंचं वाक्य न् वाक्य वहीत उतरवत होता आणि तिकडे त्याच्या गोळ्याला भेगा पडत होत्या. त्यात बाई वैतागल्या की बोलोन्याच्या बोलीत शिरायच्या. मग त्याची वहीही बंद.

अर्धा तास गोळा झाकून ठेवला आणि मग लाटायला घेतला. लाटणं जवळजवळ मीटरभर लांब. फळी लाकडाचीच हवी, कारण तिचा खरखरीतपणा पारीला येतो आणि रागू, म्हणजे मांसाचा घट्ट सॉस, तिला धरून राहतो. लाटता लाटता पारी फळीच्या कडेवरून खाली लोंबू द्यायची, म्हणजे ती स्वतःच्या वजनाने ताणली जाते. टेकडीवरचं सान लुकाचं चर्च आरपार दिसावं इतकी पातळ हवी, असं तिथले लोक म्हणतात. बाईंनी माझी उचलून खिडकीसमोर धरली, मान डोलावली आणि पुढे गेल्या. जर्मनाची उचललीसुद्धा नाही.

नणंदबाई आजही पाहुण्यांना ऐकवतात की ताल्यातेल्ले, म्हणजे पारी कापून केलेली पास्त्याची लांब पट्टी, शिजल्यावर 8 मिलिमीटर रुंद भरली पाहिजे, 1972 साली तिथल्या वाणिज्य मंडळात सोन्याची एक ठेवली आहे, आणि ती रुंदी तिथल्याच असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270वा भाग आहे. सगळं खरं आहे. फक्त त्यांच्या वर्गात गोळा आधीच मळून ठेवलेला होता, लाटायला दांडा फिरवायचं यंत्र होतं, आणि बराचसा वेळ वाइन आणि फोटोंत गेला. त्यांचं म्हणणं, "मला प्रत्येक शब्द कळला." कळला असेल हो! पारी कुठे आहे?

तुम्ही पातळी विचारलीत. माझ्याकडे कुणी प्रमाणपत्र मागितलं नाही. आकडे आणि मळा, लाटा, कापा, थांबा अशा हुकमी क्रियापदांवर माझं निभावलं. वही नेऊ नका.

आता दोन गोष्टी, ज्या खरं तर वर लिहायला हव्या होत्या. हे सगळं कणकेपुरतं. नुसता रागूचा वर्ग असेल तर माझा मुद्दा लंगडा पडतो. तो मंद आचेवर दोन-तीन तास शिजतो, त्या वेळात हातांना फारसं काम नसतं आणि शिकवणारे नुसते बोलत बसतात. आणि शाकाहारी असाल किंवा कशाची अ‍ॅलर्जी असेल तर खाणाखुणांवर अजिबात विसंबू नका, नाव नोंदवतानाच इटालियनमध्ये लिहून कळवा. पारंपरिक तोर्तेल्लिनीच्या, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या पास्त्याच्या, सारणात डुकराचं मांस असतं, रागूत गोमांस, आणि पार्मिजानो चीजसुद्धा वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. हे मला माझ्या वर्गात कुणी सांगितलं नाही, नणंदबाईंच्या वर्गात सांगितलं होतं. तेवढा एक गुण त्यांना देते. पण तीन एत्तो पिठाला अंडी किती, हे त्यांना विचारून बघा.