वजन उतरलं, कातडी उरली

वाचकाचं पत्र:

ताई, मी 38 वर्षांची. सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी राहते. दोन मुलं, दोन्ही सिझेरियन, नंतर ऑपरेशन करून घेतलं. दोन वर्षांपूर्वी माझं वजन 98 किलो होतं, उंची पाच फूट तीन इंच. शुगर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी दम दिला आणि मी मनावर घेतलं. पहाटे चालणं, तेल-साखर बंद, रात्री फक्त ताक. आज 57 आहे. सगळे कौतुक करतात, पण कपड्यांच्या आत काय आहे ते मलाच माहीत. पोटाची कातडी झोळीसारखी लोंबते. परकराची नाडी बांधताना ती हाताने वर उचलून धरावी लागते. हात वर केला की दंड हलतात. पोटाच्या घडीत लाल चट्टे येतात, वास येतो. मेडिकलमधून ट्यूब आणते, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. हळदीकुंकवाला जाऊबाई म्हणाल्या, ‘आधीच बरी दिसायचीस, आता आजारी वाटतेस.’ मी अंधारात कपडे बदलते. मिस्टर काही बोलत नाहीत, पण त्यांना किळस येत असणार. परवा त्यांनी दंडाला हात लावला, मी झटकला. अजून पाच किलो उतरलं तर कातडी आत जाईल म्हणून आता दुपारची भाकरीही सोडली आहे. केस गळतायत, चक्कर येते. दोन महिन्यांवर नणंदेचं लग्न आहे. पुण्यातल्या एका क्लिनिकने पोट आणि दंड मिळून 1,80,000 सांगितलेत, या आठवड्यात बुक केलं तर 30,000 सूट. माझ्या पाटल्या आहेत, तशाही त्या आता हातातून निसटतात. माहेरी जाते म्हणून सांगून गुपचूप करून येऊ का?

उत्तर:

प्रिय पोरी,

तू विचारलंस पाटल्यांबद्दल, पण पत्र वाचताना माझा जीव अडकला तो भाकरीत. आज दुपारी जेव. बाकीचं पत्र जेवून झाल्यावर वाचलंस तरी चालेल.

पाच फूट तीन इंचाला 57 किलो म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, साधारण 22. आपल्या भारतीयांसाठी 23 च्या आतला बीएमआय निरोगी धरतात. तुझ्या अंगावर आता उतरवण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. पोटाची ती घडी चिमटीत धरून बघ. वापरून मऊ झालेल्या सुती कापडाचे दोन पदर धरल्यासारखं पातळ लागलं, तर ती कातडी आहे. कातडी उपाशी राहून कमी होत नाही. उलट आणखी पाच किलो घटवलेस तर त्यात स्नायूही जातील, आतला भराव कमी होईल आणि तीच कातडी आणखी लोंबेल. ज्या उपायापायी तू पोट मारते आहेस, तोच तुझं दुखणं वाढवतोय. हे तुला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

कातडीच्या आतल्या थरात कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाचे तंतू असतात. कोलॅजनने बळकटी येते, इलॅस्टिनने ताणलेलं परत जागेवर येतं. कातडी वर्षानुवर्षं ताणलेली राहिली की हे तंतू तुटतात, विसकटतात. इलॅस्टिन तर शरीर मुख्यतः लहानपणीच तयार करतं, मोठेपणी नव्याने जवळजवळ नाहीच. त्यात तुझी दोन बाळंतपणं. किती कातडी परत आत येणार हे वय, लठ्ठपणा किती वर्षं होता, किती किलो उतरले, आईवडिलांकडून काय आलं, तंबाखू आहे का, यावर ठरतं. यातलं काहीही तुझ्या आळसाचं नाही. वजन स्थिर झाल्यावर वर्षभरात थोडा फरक पडू शकतो, पण 41 किलो उतरल्यावर जी झोळी उरते ती आपोआप जाणार नाही. तुला खोटी आशा लावून मी पाठवणार नाही.

म्हणूनच कोलॅजनच्या क्रीमवर एक रुपयाही घालू नकोस. कोलॅजनचा रेणू इतका मोठा असतो की तो कातडीतून आत उतरतच नाही. किरणांची मशीनं लावून कातडी घट्ट करून देतो म्हणणारेही भेटतील. थोड्याशा सैलपणाला त्याचा थोडासा उपयोग होतो, झोळीला नाही. तेलाच्या मालिशने अंगाला बरं वाटतं, तेवढ्यासाठी खुशाल कर.

आता ते चट्टे. तू त्यांच्यावर एकच ओळ लिहिलीस, तीही वासाची लाज वाटते म्हणून. मला मात्र सगळ्यात आधी त्यांचाच बंदोबस्त व्हायला हवा आहे. घडीत घाम अडकतो, कातडीवर कातडी घासते, हवा लागत नाही आणि तिथे बुरशी धरते. यात अस्वच्छपणा कसलाच नाही. तू ट्यूबचं नाव लिहिलं नाहीस, पण चार दिवसांत बरं आणि पुन्हा तेच, ही खूण मी ओळखते. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय हातात ठेवतात त्या अनेक ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड मिसळलेलं असतं. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, बुरशी आत वाढत राहते आणि आधीच ताणलेली कातडी आणखी पातळ होते. आपल्याकडे गजकर्ण हट्टी होऊन बसायला या ट्यूब मोठ्या कारणीभूत आहेत. ती ट्यूब घेऊन याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि पोट उचलून दाखव. तू मला जे लिहिलंस ते त्यांना सांगायला लाजू नकोस. शुगरही पुन्हा तपासून घे, कारण शुगर वाढली की ही बुरशी सारखी परतते.

तोवर घरी एवढं कर. आंघोळीनंतर घडी उचलून, न घासता, टिपून कोरडी कर. पंख्याखाली पाच मिनिटं आडवी पड. मग जुन्या सुती साडीचा धुतलेला मऊ तुकडा घडीत ठेव आणि ओला झाला की बदल, दिवसातून तीनदा लागला तर तीनदा. पावडर थापू नकोस, घामात तिचा चिखल होतो. परकराची नाडी त्याच घडीत रुतत असेल, तर रुंद इलॅस्टिकचा परकर शिवून घे. लाली पसरली, पू आला किंवा ताप भरला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

केस गळणं आणि चक्कर या दोन्ही गोष्टी मला आवडलेल्या नाहीत. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घे. आणि ताटात प्रथिनं आण. तुझ्या वजनाला दिवसाला 60 ते 70 ग्रॅम लागतील. पातळ वरणाने ते भागत नाही. दोन अंडी म्हणजे 12 ग्रॅम, मूठभर शेंगदाणे 6 ते 7, पेलाभर दूध 6 ते 7, 100 ग्रॅम पनीर 18 च्या आसपास, घट्ट मटकीची वाटीभर उसळ 7 ते 8. मांसाहार करत असशील तर काम सोपं. भाकरीबरोबर हे बसव. चालणं तू करतेसच, त्यात आठवड्यातून तीन दिवस वजन उचलण्याचा व्यायाम घाल. गावात जिम नसली तर पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्यांनी सुरुवात कर आणि हळूहळू वजन वाढव. दंडात, मांड्यांत स्नायू भरला की कातडीला आतून आधार मिळतो. ती नाहीशी होणार नाही, पण चार-सहा महिन्यांत ब्लाउजच्या बाहीत फरक कळेल.

तुझ्या मिस्टरांबद्दल तू लिहिलंस, ‘त्यांना किळस येत असणार.’ हे त्यांचं वाक्य नाही, तुझं आहे. सबंध पत्रात त्यांनी केलेली एकच गोष्ट तू सांगितलीस: त्यांनी तुझ्या दंडाला हात लावला. झटकलास तू. त्या माणसाला आता काय वाटत असेल? बायको बारीक झाली, देखणी झाली आणि आता आपल्याला जवळ येऊ देत नाही, असंही त्यांच्या मनात आलं असेल. त्यांच्या मनातलं मी इथून सांगू शकत नाही, पण त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ तू परस्पर लावून टाकला आहेस. मुलं झोपली की लांबलचक काही न सांगता एवढंच म्हण, ‘अहो, मला माझंच पोट बघवत नाही, म्हणून मी लांब पळते. तुमच्यावर राग नाही.’ पुढचं त्यांना बोलू दे. दिवा लावायचा की नाही, कधी लावायचा, हे तू ठरव. त्याची घाई नाही.

आणि कदाचित ते खरंच काहीतरी लागेलसं बोलतील. तसं झालं तर मला पुन्हा लिही, मग आपण त्याचं बघू. पण न झालेल्या अपमानाची शिक्षा आत्तापासून दोघांनी भोगू नये.

आता ऑपरेशन. ते करण्यात वावगं काही नाही. ‘आहे तसं शरीर स्वीकार’ असं तुला सांगणाऱ्या मैत्रिणी भेटतील, पण त्यांना रोज घडीत कापड ठेवावं लागत नाही. माझ्या धाकट्या बहिणीने असंच 35 किलो उतरवल्यावर पोटाचं ऑपरेशन केलं, आणि मी तिच्या उशाशी होते. कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत टाके. पोटातून दोन नळ्या बाहेर, त्यांत साचणारं पाणी रोज मोजायचं. दहा दिवस ती कंबरेतून वाकून चालायची. सहा आठवडे पट्टा, आणि पाण्याची बादली उचलायला बंदी. व्रण वर्षभर लालसर होता, आता फिकट झालाय, पण गेलेला नाही आणि जाणारही नाही. तिला एकदाही पश्चात्ताप झाला नाही. आनंद कशाचा झाला विचारलं तर म्हणते, त्या वर्षी मे महिन्यात चट्टे आले नाहीत.

हे तू ‘माहेरी जाते’ सांगून कसं निभावणार? नळ्या कोण मोजणार? टाके उसवले, आत पाणी साचलं, पायात रक्ताची गाठ होऊन पोटरी सुजली किंवा धाप लागली, तर रात्री दोन वाजता दवाखान्यात कोण नेणार? आणि दोन महिन्यांनी लग्नात तू सुजलेल्या पोटावर पट्टा बांधून, दंडांवर ताज्या व्रणांसह मांडवात उभी असशील. शिवाय तुझं वजन अजून उतरतंय, रक्त कमी असण्याची शक्यता आहे, घडीत बुरशी आहे. वजन निदान सहा महिने, शक्यतो वर्षभर, एका जागी राहिल्याशिवाय जबाबदार सर्जन या ऑपरेशनला हात घालत नाहीत. ज्यांनी तुला हे काहीच न विचारता तारीख आणि सूट दिली, त्यांच्याकडे तू पाय ठेवू नयेस असं माझं स्पष्ट मत आहे. माणसाचं पोट कापायच्या कामात या आठवड्यापुरती सूट कशी असते? हे वाचून मला फार राग आला.

वर्षभराने, अंग धरल्यावर, नवऱ्याला बरोबर घेऊन जा. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी आहे का ते विचार. पोटाचे स्नायू फाकलेत का, सिझेरियनच्या जागी हर्निया आहे का, तेही बघायला सांग. दंड आणि पोट एकदम करायचं की वेगवेगळं, आणि पुन्हा टाके घालायची वेळ आली तर खर्च कुणाचा, हेही आधीच विचार. मुंबईत केईएम आणि जे.जे. या सरकारी-पालिकेच्या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत. थांबावं लागेल, पण मत तिथलंही घे. आरोग्य विमा दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेला पैसे देत नाही. पण तब्येतीला थेट धोका आहे म्हणून ती करणं गरजेचं आहे, असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलं तर विचार होऊ शकतो. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांचे कागद, चट्ट्यांच्या तारखा, औषधांच्या चिठ्ठ्या आजपासून एका फाइलमध्ये जपून ठेव. आणि एक विचारते, रागावू नकोस: सकाळी मिश्री लावतेस का? लावत असशील तर आत्ताच सोड. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, टाक्यांच्या कडांना रक्त पोचत नाही आणि कातडी काळी पडून मरते.

जाऊबाईंना काय उत्तर द्यायचं? ‘माझी शुगर काठावर होती, आता तशी नाही.’ तेही तुला वाटलं तरच, आणि तपासणी होऊन आकडा हातात आल्यावर.

लग्नासाठी कोपरापर्यंत बाहीचं ब्लाउज शीव, आतून मऊ सुती अस्तर लावून घे. काखेत माया जास्त सोडायला सांग, म्हणजे हात वर करायची भीती राहणार नाही. हळदीच्या दिवशी दिवसभर फार घट्ट शेपवेअर घालून बसू नकोस, घाम तिथेच कोंडेल.

पाटल्या हातातून निसटतात म्हणालीस. सोनाराकडे जा, पण गहाण टाकायला नको. मापात करून घे. लग्नसराई सुरू झाली की सोनार वेळेवर देत नाहीत, म्हणून याच महिन्यात टाक.

तुझी,
ताई