भंगाराचा कंटेनर मागवण्याआधी

चिपळूणहून एका वडिलांनी विचारलं आहे: 'मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या मामाचं भंगाराचं दुकान आहे. परदेशातून भंगार आणून विकायचं म्हणतो, वीस लाख मागतो. द्यावेत का? आणि हे काम आपल्याला शोभेल का?'

शोभण्याचं मनातून काढून टाका. जुनं लोखंड वितळवून नवं करायला खनिजापासून करण्यापेक्षा खूप कमी ऊर्जा लागते. काम मोलाचं आहे. पण वीस लाख आत्ता देऊ नका.

आयात-निर्यात कोड डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याच्या, संकेतस्थळावर 500 रुपयांत निघतो, त्यात काही अवघड नाही. खरी गोम पैसे देण्याच्या वेळेत आहे. बहुतेक सौद्यांत काही रक्कम आगाऊ जाते आणि बाकीची बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची, प्रत आली की द्यावी लागते, तेव्हा माल अजून समुद्रात असतो. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे बँकेची पैसे देण्याची हमी, असलं तरी बँक कागद तपासते, कंटेनर उघडून बघत नाही. समजा, 25 टनांच्या कंटेनरमध्ये 4 टक्के माती निघाली, तर एक टन मातीला लोखंडाचा भाव दिलात. म्हणून मातीची मर्यादा, वजन कुठल्या काट्यावर धरायचं आणि भरतानाचे फोटो हे सगळं सौद्यातच लिहून घ्यावं लागतं.

माल ओळखता आला पाहिजे. 'एचएमएस 80:20' ही जड लोखंडी भंगाराची प्रत. म्हणजे 80 टक्के जाड माल, साधारण 6 मिमी आणि त्यावरचा. उरलेला 20 टक्के पातळ, त्यात गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलाही चालतो. चुंबकाला लोखंड चिकटतं, तांबं-पितळ-ॲल्युमिनियम नाही. पण 304 प्रतीचं स्टेनलेस स्टीलही सहसा चिकटत नाही, म्हणून एकट्या चुंबकावर भाव ठरवू नये. शिशाच्या जुन्या बॅटऱ्या साध्या भंगारात धरतच नाहीत, त्यांचे नियम वेगळे.

किरणोत्सार आणि स्फोटकांची तपासणीही कागदावर हवी. 2004 मध्ये गाझियाबादजवळच्या एका कारखान्यात आयात भंगारातल्या तोफगोळ्याचा स्फोट होऊन कामगार दगावले. कुठल्या देशाच्या मालाला कोणतं प्रमाणपत्र लागतं, हे माल चढण्याआधीच बघायचं. कागद अडला की कंटेनर बंदरात पडून राहतो, डेमरेज आणि डिटेन्शन, म्हणजे मुदतीबाहेर कंटेनर अडकल्याचा आकार, रोज चढत जातं आणि नफा तिथेच संपतो.

तेव्हा परीक्षा झाली की सहा महिने मामांच्या काट्यावर बसवा. प्रतवारी हातानेच कळते. मग न्हावा शेवा बंदरात कस्टम ब्रोकरकडे, म्हणजे आयातदाराचे कस्टमचे कागद करणाऱ्याकडे, एच कार्डावर नोकरी शोधू दे. एच कार्ड म्हणजे ब्रोकरच्या नोकराचं कस्टमचं ओळखपत्र. त्याला बारावी पुरते. पुढे परीक्षा देऊन त्याच्या वरचं जी कार्ड मिळतं. तिथे 7204 लोखंड, 7404 तांबं, 7602 ॲल्युमिनियम हे भंगाराचे कस्टम कोड आणि बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टमला द्यायचा कागद, अंगवळणी पडेल. सुट्टीच्या दिवशी कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये फिरून कोण काय घेतं, ते बघता येईल.

चिपळूणहून रोजची ये-जा जमणार नाही. पनवेल किंवा उरणला खोली घ्यावी लागेल. वीस लाखांतला पहिला खर्च तोच धरा.