पगार सातला, बिल दोन महिन्यांनी

माणसं पुरवण्याच्या धंद्याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. त्यातली चार थोडी कापून घेतो.

वाळूजच्या एका कारखान्यात नऊ वर्षं एचआरमध्ये आहे. ओळखीतून ३० हेल्परची ऑर्डर मिळतेय. नोकरी सोडून स्वतःची स्टाफिंग एजन्सी काढावी म्हणतो. हाताशी चार लाख आहेत, पुरतील का?
— बजाजनगर

नाही पुरणार. कसे, ते मांडूनच बघू.

एका माणसाचा पगार सोपा म्हणून १५,००० धरा. तीस जणांचे झाले ४,५०,०००. त्यावर मालकाच्या वाट्याचा पीएफ, त्याचे बारीकसारीक खर्च धरून १३ टक्के, म्हणजे ५८,५००. ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, ३.२५ टक्के, म्हणजे १४,६२५. तुमच्या खिशातून महिन्याला गेले ५,२३,१२५. सर्व्हिस चार्ज पगारावर ६ टक्के मिळाला असं समजू. तो झाला २७,०००. आणि जीएसटी १८ टक्के, तोही पगारासकट सगळ्या बिलावर, म्हणजे ९९ हजार.

आता तारखा बघा. एप्रिलच्या कामाचा पगार ७ मेपर्यंत द्यायचा. पीएफ-ईएसआयसीचं चलन १५ मेपर्यंत भरायचं, कारण चलन जोडल्याशिवाय कंपनी बिल घेत नाही. बिल गेलं १६ मेला. कंपनीची मुदत ‘पंचेचाळीस दिवस’, म्हणजे पैसे ३० जूनला. मधे ७ जूनला मेचा पगार, १५ जूनला दुसरं चलन, आणि २० जूनला न मिळालेल्या बिलाचा जीएसटी. पहिला रुपया यायच्या आधी तुमचे साडेअकरा लाख बाहेर असतात, महिन्याच्या २७ हजारांसाठी. त्यातही ऑफिसचं भाडं आणि सुपरवायझरचं पेट्रोल अजून धरलेलं नाही.

याच हिशेबानं चार लाखांत दहा माणसं बसतात, तीही बिल एक दिवस न लांबता. आणि बिल लांबतंच. माझं पहिलंच बिल एका कंपनीनं तेवीस दिवस ठेवून घेतलं आणि मग पीओ नंबर, म्हणजे कंपनीच्या ऑर्डरचा नंबर, चुकला म्हणून परत केलं. सात तारखेला सकाळी चौदा पोरं रांजणगावच्या खोलीसमोर उभी होती. कुणी काही बोलत नव्हतं, फक्त एकानं घरमालकाचा मेसेज दाखवला. चूक माझीच होती. तेव्हापासून पीओ नंबर मी स्वतः दोनदा वाचतो.

म्हणून सुरुवात प्लेसमेंटनं करा. मेंटेनन्स इंजिनिअर, क्वालिटी, स्टोअर्स अशा जागा भरून द्यायच्या, आणि वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार, फी घ्यायची. यात पगार वाटायची भानगड नाही. फक्त माणूस ठरलेल्या मुदतीत, बहुधा ९० दिवसांत, सोडून गेला तर दुसरा फुकट द्यावा लागतो. सहा महिने हे करा आणि मग सात-आठ हेल्परपासून कॉन्ट्रॅक्ट धरा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, पहिल्याच आठवड्यात करून तो नंबर बिलावर छापा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावं लागतं. मुदत चुकली तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच आयकरात दाखवता येतो. त्यामुळे मार्चमध्ये अकाउंट्सवाले आपण होऊन फोन करतात. बाकीचे अकरा महिने फोन आपणच करायचा.

आणि हो, ऑर्डर तुमच्याच सध्याच्या कंपनीची असेल तर आधी राजीनामा, मग कोटेशन.

वडील ऊसतोडीचे मुकादम. गावोगावी ओळख आहे. मला कोयत्याऐवजी कंपनीत माणसं लावायची आहेत. उचल देऊन पोरं बांधून ठेवली तर चालेल का?
— धारूर तालुका

ओळख हे तुमचं खरं भांडवल. कुणाचा पोरगा आयटीआय झालाय आणि कोण आठ दिवसांत पळून येईल, हे शहरातल्या एजन्सीला कुठलंही ॲप सांगत नाही.

उचल मात्र गावातच सोडून या. उचल दिली म्हणून माणसाला कामाला अडकवून ठेवणं १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्यात बसतं. कंपनीच्या ऑडिटमध्ये हे निघालं तर कॉन्ट्रॅक्ट त्याच दिवशी जातं. त्यापेक्षा पहिल्या महिन्याच्या खोलीची आणि मेसची सोय करा. नवा पोरगा टिकतो की नाही ते पहिल्या पंधरा दिवसांत ठरतं, आणि बहुतेकदा जेवणावरून ठरतं.

हजेरीचं गणितही तुम्हाला नवं नाही. मृगाचा पाऊस पडला की पोरं पेरणीला, दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन काढणीला, आणि पोलीस भरती निघाली की अर्धी ग्राउंडवर. दहा जागा असतील तर अकरा-बारा नावं तयार ठेवा. कंपनीला ‘माणूस गावी गेला’ हे कारण एकदा चालतं.

लायसन्स कोणकोणती लागतात?
— लातूर

थोडक्यात सांगतो. वीसपेक्षा कमी स्टाफ असेल तर शॉप ॲक्टची फक्त ऑनलाइन सूचना. जीएसटी २० लाखांच्या उलाढालीनंतर सक्तीचा. ईएसआयसी १० माणसांपासून, पीएफ २० पासून. पण बऱ्याच कंपन्या या दोन्हींचे नोंदणी नंबर आणि जीएसटी पहिल्या माणसापासूनच मागतात. कंत्राटी कामगारांचं लायसन्स ५० माणसांपासून. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यातही हाच आकडा आहे. सिक्युरिटी गार्ड पुरवायचे असतील तर तो वेगळाच धंदा, त्याला २००५ च्या कायद्याचं स्वतंत्र लायसन्स.

किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. करारात ‘भत्ता वाढला की दर वाढेल’ हे वाक्य नसेल तर वाढ तुमच्या सर्व्हिस चार्जमधून जाते.

नोकरी लावून देतो म्हणून मुलांकडून थोडी फी घेतली तर काय बिघडतं? पालक स्वतःच देतात. दुबईची कामंही विचारतात.
— नांदेड

पालक देतात, कारण त्यांना वाटतं पैसे घेतले म्हणजे काम होणार. नाही झालं तर तेच पालक तुमच्या दुकानासमोर बसतात, आणि नांदेड काही इतकं मोठं नाही. फी कंपनीकडून घ्या. बायोडाटा करून देण्याचे दोनशे रुपये घेतले तरी पावती द्या.

दुबईला मात्र हात लावू नका. परदेशी भरतीला १९८३ च्या कायद्याखाली केंद्राकडे नोंदणी लागते आणि मोठ्या एजंटाला ५० लाखांची बँक गॅरंटी. नोंदणीकृत एजंटही कामगाराकडून ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. ‘मुंबईवाल्यांना फक्त पोरं पाठवतो’ असा सब-एजंट कायद्याला मान्य नाही. कुणी विचारायला आलं तर परदेशी भरतीचं सरकारी ई-मायग्रेट पोर्टल उघडा आणि त्याच्या समोरच एजंटाचं नाव शोधून दाखवा. त्याचे पैसे घेऊ नका.