भाऊ बरा शे ना?

अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय, चांगलं चार पानी. थोडक्यात सांगते. वय ५८, मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली, गावात एकट्याच राहतात, मुलगा चाकणला कंपनीत. मार्च एंडच्या वसुलीत वायरमन लाईन कापायला दारात आला, चार महिन्यांचं मिळून २,८४० रुपये बिल थकलेलं. ताईंना पत्ताच नाही, कारण बिल मुलगा मोबाईलवरून भरतो. वायरमनने पोलला लावलेली शिडी काढून घेतली, ओट्यावर बसला आणि स्वतःच्या फोनवरून सगळं बिल भरून टाकलं. आता ताई पैसे द्यायला जातात तर घेत नाही, म्हणतो भाऊ, म्हणजे ताईंचा मुलगा, आला की त्याच्याकडून घेईन. ताई विचारतायत, हे उपकार फेडू कसे, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या बायकोला साडी नेली तर लोक नावं ठेवतील का, आणि मुलाला यातलं काही कळू देऊ नये ना, तो आधीच खूप बिझी असतो.

ताई,

साडीचं राहू द्या बाजूला. तुमच्या पत्रात तिसऱ्या पानावर, चहा कुठल्या कपात दिला आणि जाऊबाई गच्चीवरून कशा बघत होत्या याच्या मधे एक वाक्य आहे, ते लिहून तुम्ही सरळ पुढे निघून गेलात. "जाताना फाटकाशी थांबून विचारतो, मावशी, भाऊ बरा शे ना? त्याला काय करायच्यात नसत्या चौकशा!"

नसत्या?

अहो, तुमच्या पूर्ण पत्रात मुलाची चौकशी केलेली मला तेवढीच सापडली, आणि ती त्या परक्या माणसाने केलीय. तुम्ही त्याला काय सांगितलं ते तुम्हीच लिहिलंय बघा, की सहा वर्षं मुलगाच बिल भरतो, एक महिना कधी चुकला नाही. त्याने ते ऐकलं, हातातली थकबाकीची यादी बघितली, दिवाळीनंतर एकही बिल भरलेलं नाही, आणि पक्कड खिशात ठेवली. वसुलीला फिरणारा माणूस आहे तो ताई, दिवसाला पन्नास दारं बघतो, बुडवणारा कोण आणि अडलेला कोण हे त्याला ओट्यावरूनच कळत असणार. तुम्हाला त्याचा चांगुलपणा दिसला, २,८४० रुपये दिसले, प्रश्न तेवढा दिसला नाही.

आता माझं ऐका. बिझी माणूस एखादं बिल विसरतो, फार तर दोन. सहा वर्षं न चुकता भरणारा पोरगा लागोपाठ चार बिलं विसरत नसतो. आणि लाईन अशी अचानक कापत नाहीत, पंधरा दिवस आधी नोटीस द्यावी लागते, वीज कायदा २००३, कलम ५६, आणि ती नोटीस आता मोबाईलवर मेसेजने पण येते. मोबाईल नंबर कोणाचा लावलाय? त्याचा. म्हणजे आईची लाईट कापणार हे त्याला बहुतेक तुमच्या आधी कळलेलं होतं, ते वाचून पण तो गप्प बसला, आणि हाच पोरगा दिवाळीला एकच दिवस आला, सुट्टी नाही म्हणाला, हेही तुम्हीच लिहिलंय, कंसात. त्याची नोकरी गेली का, ठेकेदाराकडे पगार अडकलाय, का तब्येतीचं काही आहे, मी इथे बसून सांगू शकत नाही. पण बिझी नाहीये तो. लाजतोय.

आणि कोणावर गेलाय ते पण पत्रात दिसतंय, कारण बिल थकलं, वायरमन आला, दुसऱ्याने पैसे भरले, हे तुम्हीही त्याच्यापासून लपवूनच ठेवलंय. रोज रात्री नऊला फोन होतो म्हणे तुमचा. काय बोलता मग? जेवलास का, हो, ऊन किती आहे, खूप. दोघं एकमेकांना सांभाळून घेताय म्हणे! मला ना राग येतो अशा मायेचा.

राग येतो कारण माझ्या घरी झालंय हे. आमच्या ह्यांची मिल बंद पडली तेव्हा दीड महिना हे रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि साडेपाचला परत. डबा रिकामा, शर्टाची इस्त्री तशीच्या तशी, मशीनवर काम केलेल्या माणसाचा शर्ट असा राहतो का हो? मी रोज धुवायची तो शर्ट, तरी मला दिसलं नाही. सांगितलं कोणी, तर गॅसचं सिलिंडर आणणाऱ्या पोराने. टाकी खाली ठेवत म्हणाला, काकू, काका रोज स्टँडवर बसलेले असतात, काही काम होतं का त्यांचं तिकडे? मी त्याच्यावर खेकसले, तुला काय करायचंय म्हणून. तुमच्यासारखंच. त्या पोराला मी नंतर सॉरी पण म्हटलं नाही, पुढच्या टाकीला दुसराच कोणी आला.

म्हणून तुम्हाला एकच काम सांगते, ते करा. चाकणला जा. फोन करू नका, फोनवर तो म्हणेल सगळं मस्त आहे आई, आणि तुम्हाला तेच ऐकायचंय म्हणून तुम्ही ऐकाल. धुळ्याहून पुण्याची रात्रीची एसटी बघा, नाशिकवरून जाणारी, ती चाकणवरूनच जाते, पुण्यापर्यंत जायचं कामच नाही. बायकांना एसटीत २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, तेव्हा खर्चाचं कारण मला सांगू नका. आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. रूमचा पत्ता माहीत नसेल तर त्याच्या गावाकडच्या मित्राला विचारा, असेलच कोणीतरी. तो मित्र बोलताना अडखळला तर संध्याकाळचीच गाडी पकडा, आखाजीची वाट बघत बसू नका, मांडे काय पुढच्या वर्षीही होतील.

सोबत बिबड्या घ्या, कळण्याचं पीठ घ्या, लोणचं घ्या. बिलाची पावती घेऊ नका. दार उघडल्यावर त्याचं तोंड उतरलेलं दिसेल, तिथेच रडारड नको. आत जा, गॅस कुठे आहे बघा, भाकरी टाका. खाऊन झालं की तुम्ही आधी तुमचं सांगा, की बाबा, लाईन कापायला आले होते आणि मी तुला बोलले नाही. मग गप्प बसा. लगेच बोलला नाही तरी बसा, दोन दिवस लागले तर दोन दिवस राहा, गावी तुमची काय गाय दावणीला उपाशी नाहीये.

मोबाईल नंबरचं पण करून घ्या, बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो, बिल घेऊन लाईट ऑफिसला गेलात की तुमचा नंबर लावून देतील. पण हे परत आल्यावर, आधी नाही.

आणि साडी नको. पैसे तर तो घेणार नाहीच, त्याने आधीच सांगितलंय कोणाकडून घेणार ते, आणि त्यात तुम्हाला अपमान का वाटला मला समजत नाही, भाऊ एकदा घरी यावा म्हणून अडवून धरलेत त्याने ते पैसे. तुम्ही चाकणहून आलात की पुढच्या वेळी तो रीडिंगला, वसुलीला, कशालाही गल्लीत दिसला की हाक मारा, जाऊबाई गच्चीवर असल्या तर असू देत, आणि भाऊ कसा आहे ते त्याला सांगा. त्याने विचारलं होतं.