भूल देणारे डॉक्टर स्वतःच फेंटानिल घेत असल्याचा संशय आहे, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सांगलीच्या एका नर्सिंग होममध्ये ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सिस्टर आहात, भूल देणारे सर प्रत्येक केसला जास्तीचं फेंटानिल (ऑपरेशनमध्ये वापरायचं, अफूच्या जातीचं जोरदार वेदनाशामक) मागतात आणि उरलेलं कुठं जातं ते कळत नाही. कुणाजवळ बोलायच्या आधी या औषधाचं रजिस्टर उघडा.

नेहमीचं अँप्युल २ मिलीचं, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम. पेशंटला किती दिलं, किती टाकलं आणि टाकताना पाहणाऱ्याची सही, हे प्रत्येक अँप्युलपुढं हवं. ही सही दिवसअखेर एकदम मारली की गळतीला वाट मिळते. मग रिकव्हरीच्या (ऑपरेशननंतर पेशंटला ठेवतात त्या खोलीतल्या) नोंदी ताडून बघा. कागदावर हर्नियाच्या पेशंटला १५० मायक्रोग्रॅम गेलंय आणि तो बाहेर येताच दुखण्यानं विव्हळतोय, असं एकदा होऊ शकतं. त्याच डॉक्टरांच्या केसला वारंवार होत असेल, तर औषध पेशंटपर्यंत पोचलंच नसावं. सांगली-मिरजेत भूलतज्ज्ञ दिवसात तीन-चार हॉस्पिटलं करतात, त्यामुळं एका रजिस्टरात सगळं दिसणार नाही.

वागण्यातल्या खुणाही बघा: एप्रिलच्या उन्हात पूर्ण बाह्या, डोळ्यांतल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, केस चालू असताना बाथरूमला जाणं, दुसऱ्यांच्या ड्युट्या मागून घेणं. या शेवटच्या गोष्टीचं तर कौतुक होतं, म्हणून ती सगळ्यात उशिरा लक्षात येते. मात्र यातल्या एकट्यादुकट्या खुणेवरून ठरवू नका.

डोस माहीत असणारा डॉक्टरही यात मरतो. शरीराला सवय झपाट्यानं लागते, काही आठवडे बंद ठेवलं की ती ओसरते, आणि मग जुनाच डोस श्वास थांबवतो. सर बेशुद्ध सापडले तर आधी अंबू बॅगनं (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) श्वास द्या, मग नॅलोक्सोन, म्हणजे फेंटानिलवरचा उतारा. त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो, तेव्हा उठून बोलायला लागले तरी घरी सोडू नका.

जाब एकट्यानं विचारू नका. नोंदी हॉस्पिटलच्या मालक डॉक्टरांना दाखवा, बोलणं त्यांनी आणि सरांच्या विश्वासातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी करावं. उघडं पडल्यानंतरचे पहिले दिवस आत्महत्येच्या दृष्टीनं फार धोक्याचे असतात. घरच्यांना बोलावून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडं न्या. रात्री कुणी भेटलं नाही तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे. सोबत अल्प्राझोलाम (चिंता कमी करणारी, झोप आणणारी गोळी) चालू असेल तर ते अचानक तोडू नका, फिट येऊ शकते. आणि त्यांना हे आवर्जून सांगा: एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ६४अ प्रमाणे व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर सेवनाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. जेलच्या भीतीनंच माणूस लपवत राहतो.

उपचार करणारे डॉक्टर लिहून देईपर्यंत सरांना ओटी बंद, आणि औषधांच्या कपाटाची चावी आजपासूनच दोघांच्या ताब्यात ठेवा.