भोंगा नेमका किती वाजता वाजायचा?

प्रश्न : माझे बालपण लालबागच्या चाळीत गेले. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात होते आणि आई गावाकडच्या कामगारांची खानावळ चालवत असे. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला तेव्हा मी नववीत होतो. निवृत्तीनंतर त्या दिवसांवर सुमारे तीनशे पाने लिहिली. त्यातील एकही प्रसंग कल्पित नाही. तरीही ज्यांना वाचायला दिले ते सगळे म्हणतात, ‘चांगले आहे, पण कादंबरी वाटत नाही.’ माझे काय चुकले? (एक वाचक, बदलापूर)

उत्तर : पत्रासोबत आपण पाठवलेली पहिली वीस पाने मी दोनदा वाचली. त्यांत एकतीस माणसे येतात आणि प्रत्येकाचे नाव, गाव, खाते व पाळी आपण निष्ठेने नोंदवली आहे. ही निष्ठा आठवणींच्या पुस्तकाला शोभते. कादंबरीत मात्र तीच आड येते, कारण वाचक एकतीस जणांना एकाच वेळी जीव लावू शकत नाही. आपण प्रत्येकाला न्याय देण्याच्या प्रयत्नात आहात, आणि जो माणूस वगळला जाईल त्याच्याशी बेइमानी होईल अशी भीती आपल्याला वाटत असावी. ही भीती मला समजते, परंतु चार शेजाऱ्यांचा मिळून एक शेजारी करण्याची मुभा आपण स्वतःला दिल्याशिवाय हे लेखन पुढे सरकणार नाही.

आपल्या सतराव्या पानावर एक ओळ आहे. संपापूर्वी आईच्या खानावळीत चौदा ताटे पडत, नंतर माणसे एकेक करून कोकणात परतू लागली आणि गणपतीपर्यंत तीनच ताटे उरली, एवढेच लिहून आपण लगेच युनियनच्या सभेकडे वळला आहात. माझ्या मते आपली कादंबरी तिथेच आहे. सुमारे अडीच लाख कामगार संपात उतरले, दत्ता सामंत त्यांचे नेते होते, संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही, हे सारे वाचकाला इतरत्रही वाचायला मिळेल. पण बाराव्या ताटाचा माणूस उधारी न चुकवता रातराणीने निघून गेला तेव्हा आई त्याला काय म्हणाली, त्याची ट्रंक तिने ठेवून घेतली की स्वतः खाली नेऊन दिली, हे फक्त आपणच सांगू शकता. आणि आपल्याला ते आठवत नसेल, तर आईचा स्वभाव जाणणारे आपणच ते रचू शकता. जिथे आठवण संपते तिथे आपण लेखणी खाली ठेवता. कथाकाराचे काम बहुधा तिथून सुरू होते.

दुसरा मुद्दा सांगणाऱ्याचा. आपल्या पानांतला ‘मी’ अठ्ठावन्न वर्षांचा आहे, त्याला पुढचे सगळे ठाऊक आहे, आणि म्हणून तो प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी हळहळतो. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात आईच्या आठवणी लिहिल्या, तेव्हा स्वतःचे नाव बाजूला ठेवून त्यांनी श्याम उभा केला आणि त्याच्याभोवती रात्री ऐकायला बसलेली मंडळीही उभी केली. त्यामुळे आठवणीला आकार आला, प्रत्येक रात्रीला आपला आरंभ आणि शेवट मिळाला. माणदेशातच वाढलेल्या व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’ (1955) सांगण्यासाठी त्या वस्तीत नव्याने आलेला कोवळा मास्तर निवडला, त्यामुळे वाचकालाही वाडी हळूहळू कळत जाते. आपला सांगणारा कोण, हे आपण अजून ठरवलेले नाही. नववीतला मुलगा सांगत असेल, तर संप चिघळणार आहे हे त्याला ठाऊक असता कामा नये. पहिले काही दिवस तर त्याला वडील दिवसभर घरी असल्याचा आनंदच वाटला असेल. तो आनंद लिहायला आपण संकोचलात, असे मला वाचताना जाणवले.

गिरणीचा पहाटेचा भोंगा नेमका किती वाजता होई, हे शोधण्यात आपण तीन आठवडे घालवल्याचे लिहिले आहे. चिकाटीबद्दल अभिनंदन, पण आपल्या कथेतल्या नववीतल्या मुलाला घड्याळापेक्षा भोंग्याची सवय होती. तो बंद झाल्यावर चाळ कशाने जागी होऊ लागली, याचा विचार करून पाहावा. आणि मालवणी माणसांना मालवणीत बोलू द्यावे; आपली आई पुस्तकी मराठीत भांडत असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

प्रश्न : एकत्र कुटुंबातील जुन्या कलहावर मी दीर्घकथा लिहिली आहे. नावे बदलली आहेत. तरीही नणंद म्हणते की तिच्या वडिलांची बदनामी झाली तर ती न्यायालयात जाईल. कथेत सासऱ्यांची दोन खरी पत्रेही जशीच्या तशी घेतली आहेत. ते आता हयात नाहीत. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : केवळ नाव बदलल्याने माणूस लपत नाही. गाव, व्यवसाय, मुलांची संख्या आणि तो गाजलेला जमिनीचा वाद तसाच ठेवला, तर चिपळुणातला कोणीही बोट ठेवून सांगेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मधील बदनामीच्या व्याख्येत मृत व्यक्तीवरील आरोपही येऊ शकतो, जर हयात असताना त्याने तिच्या लौकिकाला बाधा आली असती आणि जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याचा हेतू त्यामागे असेल. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ या छापील ओळीवर फार विसंबू नये. प्रकाशनापूर्वी वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

पत्रांबाबत आपली एक गफलत झाली आहे. कागद आपल्या कपाटात असला, तरी मजकुराचा स्वामित्वहक्क पत्र लिहिणाऱ्याचा असतो आणि त्याच्या मृत्यूनंतर तो वारसांकडे जातो. म्हणजे ज्या नणंदेशी आपला वाद आहे, तिचीही परवानगी लागू शकते! माझा सल्ला असा की ती पत्रे बाजूला ठेवून कथेतल्या सासऱ्यांसाठी नवी पत्रे लिहावीत. खऱ्या पत्रांतला अर्धा मजकूर तब्येत, पाऊस आणि मनीऑर्डरचा असतो. कथेला लागणारे वाक्य त्यात क्वचितच सापडते. सासऱ्यांना खोताऐवजी शाळेचे मुख्याध्यापक केलेत आणि वाद जमिनीऐवजी एखाद्या घड्याळावरून घातलात, तर कदाचित आपल्यालाच त्यांच्याविषयी काही नवे कळेल. निदान राग थोडा निवळेल, आणि आपल्या कथेला त्याची गरज आहे.

प्रश्न : माझा कथासंग्रह छापण्यासाठी एका प्रकाशकाने 300 प्रतींचे 70 हजार रुपये मागितले आहेत. द्यावेत का? आणि वाचक मिळवायचे कसे? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : पैसे देऊन पुस्तक काढणे हा गुन्हा नाही, पण तो छपाईचा व्यवहार आहे असे समजूनच करावा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात विनामूल्य मिळतो, त्यासाठी वेगळी रक्कम मागितली असेल तर कारण विचारावे. हक्कांचा करार लेखी असावा आणि त्यात मुदत स्पष्ट लिहिलेली असावी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. वितरण कोण करणार, हे करारात नसेल तर त्या तीनशे प्रती आपल्याच माळ्यावर येतील, हे गृहीत धरावे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, तिचीही चौकशी आधी करावी.

मात्र आपली एकही कथा अद्याप कुठे प्रसिद्ध झालेली नाही, हे वाचून मी थबकलो. 1909 मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, आणि आजही मराठी वाचक अनोळखी लेखकाला संधी देतो ती मुख्यतः या अंकांतून, कारण तिथे तो ओळखीच्या नावासाठी अंक घेतो आणि आपली कथा त्याच्या हाती आपोआप पडते. संग्रहातील सर्वांत चांगली कथा निवडून ती मे-जूनमध्येच पाठवावी. गणपतीत आलेली कथा बहुतेक संपादक उघडूनही पाहत नाहीत. दरम्यान नांदेडमधील एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात वीस मिनिटांचे अभिवाचन करून पाहावे. श्रोते कुठे चुळबुळ करतात ते लक्षात ठेवावे, आणि घरी येऊन नेमकी तीच पाने पुन्हा लिहावीत. पाठवताना सोबत दीड पानाचा परिचय जोडू नये. नाव, पत्ता, दूरध्वनी आणि शब्दसंख्या एवढे पुरते.